ऐनाच्या सालीत बुडविलेले पुस्तक

बाबा,

तुमचे पोस्टाचे बचतीचे पुस्तक काळे पडले होते, त्या दिवसाची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. तुम्ही गेल्याला सहा वर्षे होत आली. तुम्हाला वाचता येत नव्हते, म्हणजे तुम्ही असता तर हे पत्र मलाच वाचून दाखवावे लागले असते, आणि ते माझ्याने झाले नसते. लिहिणे त्या मानाने सोपे आहे. तरी हा कागद दुसरा आहे. पहिल्यावर खाडाखोड फार झाली म्हणून तो चुलीत घातला.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधी लिहितो. तुमचे पैसे आढ्याला बांधलेल्या बांबूच्या नळीत असत. मासळीचे, शिंगाड्याचे, जे काय उरेल ते तुम्ही त्या नळीत टाकीत होता आणि तोंडाला मेणाचे बूच लावीत होता. मी सातवी अर्धी सोडून जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोत हंगामी मुन्शी म्हणून लागलो आणि मला शहाणपण सुचले. आग लागेल, चोर येईल, असे मी महिनाभर तुमच्या मागे लागलो. पोस्टात ठेवा म्हणालो, सरकार व्याज देते म्हणालो. तुम्ही हसलात. "पैसे आपन ठेवाचे, अन् मांगाले आपनच चिठ्ठी लिहाची? हे तं मालगुजाराहून मोठं काम होय." पण आलात. पोस्टमास्तराने तुमचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला, तेव्हा तुम्ही श्वास धरून उभे होता. घरी येईपर्यंत तो निळा अंगठा तुम्ही कशालाही लागू दिला नाही. आईला दाखविला, मग धुतला.

त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी आपण दोघे पोस्टात जात असू. तुम्ही आरमोरीच्या बाजारातून परस्पर येत होता, अंगाला मासळीचा वास, कमरेला पैशाची गाठ. चिठ्ठी मी भरायची, अंगठा तुम्ही द्यायचा. बाहेर आल्यावर मी पुस्तक उघडून पाहायचो आणि आतली रक्कम माझ्या वहीत उतरवून घ्यायचो, तारखेसकट. मला तशी सवयच आहे. पुस्तक तुमच्या हातात परत देताना दर वेळी मी तेच सांगत होतो: याला पाणी लागू देऊ नका, उधईला कागद पोखरू देऊ नका, हे गेले तर पैसे गेले समजा. एकदा तुम्ही चिडलात. "किती खेपा सांगशीन? मी का लहान पोट्टा होय?" पण माझे बोलणे तुमच्या मनाला लागले होते, हे मला नंतर कळले.

चैतात तुम्ही जाळी सालीत काढत असा. आजही मला ते अंगण दिसते. ऐनाच्या झाडाची साल कुटून मोठ्या मडक्यात घातली आहे, खाली तीन दगडांची चूल आहे, पाणी तांबडे होत होत काळपट होते आहे. ते गार झाले की तुम्ही जाळे त्यात बुडविता, पिळत नाही, सावलीत बांबूवर टाकता, वाळले की पुन्हा बुडविता. तीन वेळा. सालीत काढलेले सूत पाण्यात सडत नाही, त्याला उधई शिवत नाही. आपल्या ढिवरांच्या घरात जे जपायचे ते असेच जपतात. त्या वर्षी मी डेपोत असताना तुम्ही जाळ्यानंतर पुस्तकही सालीत काढले. घाईने नव्हे. पाने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक दोन पानांमध्ये तुम्ही बांबूची पातळ काडी घातली होती. तीनदा बुडविले, तीनदा सावलीत वाळविले, मग फडक्यात बांधून नळीत ठेवले. मला दाखविले नाही. कामाच्या दिवशी दाखवू, पोट्टा खूश होईल, असे तुम्ही आईला म्हणाला होता.

तो कामाचा दिवस बोडीमुळे, गावच्या तळ्यामुळे, आला. मालगुजारी होती तोवर आपल्या गावची बोडी आपलीच असल्यासारखी होती. आजोबांपासून आपण त्या पाण्यात जाळे टाकले आणि मालगुजाराच्या घरी हिस्सा पोचविला. मालगुजारी गेली, बोडी सरकारजमा झाली आणि दर वर्षी तिचा लिलाव होऊ लागला. पहिल्या साली कोणाला त्यात गोडी नव्हती, तुम्हाला ती थोडक्यात मिळाली. पावसाळ्यात वैनगंगेवरून तुम्ही मासळीचे बी हंड्यांत भरून आणले, बी जगावे म्हणून वाटेत हंडे हलवत राहायचे, त्यामुळे रस्ताभर बसलाही नाहीत. ते बी तुम्ही बोडीत सोडले. वर्षात मासे वाढले, आणि वाढलेले मासे सगळ्यांना दिसले. दुसऱ्या लिलावाला मूल गावचा एक ठेकेदार येणार असे कळले. बोली लावायची तर आधी ठरलेली रक्कम टेबलावर ठेवावी लागे. लिलाव सोमवारी होता. तुमचे पैसे पोस्टात होते, पुरत होते. शुक्रवारी मी डेपोतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आपण गेलो.

तुम्ही फडके सोडून पुस्तक खिडकीतून आत सरकविले. पोस्टमास्तराने ते हातात घेतले आणि पुन्हा टेबलावर ठेवले.

"हे काय आहे?"

"पुस्तक होय जी."

"पुस्तक आहे ते दिसतंय. याला झालं काय?"

"सालीत काढलं जी. तीन खेपा." तुमच्या आवाजात काय कौतुक होते! "आता शंभर वर्सं उधई लागत नाई त्याले."

मागे उभा असलेला एक जण म्हणाला, "मास्तर, आत पाहून घ्या जी, एखांदी मासोळी अटकली असन!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी मात्र पुस्तक उघडून पाहिले. पानांचा रंग मोहाच्या सालीसारखा झाला होता. पोस्टाची शाई त्या काढ्यात फुटून काळी झाली होती, शिक्के पसरले होते, आकडे कुठे होते तेवढे कळत होते, कोणते होते ते कळत नव्हते. मी सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हणालो, "बाबा, अडान्यावानी काय करून ठेवलं हे?" तुमचे हसू थांबले. "तूच तं म्हने का जपा म्हनून," एवढेच तुम्ही म्हणालात.

पोस्टमास्तर वाईट माणूस नव्हता. ते मला आज लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरात त्याला फार शिव्या बसल्या आहेत. त्याने पुस्तक उजेडाकडे धरून पाहिले. "यावर पैसे देता येणार नाहीत," तो म्हणाला, "चांद्याच्या मोठ्या पोस्टात पाठवावं लागेल. तिथं ताळा होईल, नवं पुस्तक येईल, मग." तुम्ही विचारले, किती दिवस? तो म्हणाला, तीन आठवडे तरी. तेव्हा तुम्ही खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली.

"पन पैसे माहेच होत ना जी? मीच ठेवले. तुमच्याच हातात देल्ले."

"तुमचेच आहेत बाबा. पण उद्या दुसरा कोणी असलंच काळं पुस्तक घेऊन आला आणि तुमचे पैसे घेऊन गेला, तर तुम्ही मलाच विचाराल ना?"

तुम्ही खिडकीची कड सोडली. त्याने तुम्हाला बाहेर बसायला सांगितले आणि मला आत बोलावले. इथून पुढचे तुम्हाला माहीत नाही.

त्याने मला स्टूल दिले. मी कुठे काम करतो ते विचारले. मग म्हणाला, "सोमवारचा लिलाव मलाही माहीत आहे. एक वाट आहे. माझ्या नोंदवहीत यांची रक्कम आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या, नोकरीतल्या माणसानं लिहून द्यायचं की हे पुस्तक याच माणसाचं आहे, यात अमुक इतकी रक्कम होती, कोणी फेरफार केलेला नाही, आणि काही उणंअधिक निघालं तर मी जबाबदार राहीन. तुम्ही लिहून द्या. उद्या सकाळी या, मी माझ्या हातानं पैसे मोजतो." त्याने कागदही पुढे ठेवला. टाकही ठेवला.

मी कागदाकडे पाहत बसलो. 'जबाबदार' हा शब्द त्याने तोंडाने म्हटला होता, पण मला तो कागदावर लिहिलेला दिसत होता. डेपोत माझ्या आधीचा मुन्शी एका सहीने गेला होता. न मोजलेल्या लाकडांच्या यादीवर त्याने सही केली, दोन ओंडके कमी निघाले, आणि त्याला घरी बसविले. डेपोच्या साहेबाने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, जे डोळ्यांनी पाहिले तेवढ्यावरच सही कर. त्या महिन्यात माझ्या कायम होण्याचा कागद वर गेला होता.

"तुमचेच वडील ना?" पोस्टमास्तराने विचारले.

"हो."

"पुस्तक त्यांचंच ना?"

"हो."

"मग अडचण काय?"

मी म्हणालो, "पुस्तक माझ्याजवळ नसे. मधल्या काळात त्याचं काय झालं, ते मी पाहिलेलं नाही."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. रागाने नाही. मग कागद परत घेतला, दुमडला, खणात टाकला आणि खण लावला. "ठीक आहे. चांद्याला पाठवतो."

बाबा, रक्कम माझ्या वहीत होती. प्रत्येक वेळची, तारखेसकट. ती वही त्या क्षणी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

बाहेर तुम्ही चिंचेखाली उकिडवे बसला होता. मला पाहताच उठलात. "झालं का?"

"नाई. चांद्याले जाईन पुस्तक. कायदाच हाय तसा."

"दुसरा काई उपाव?"

"काई नाई."

तुम्ही पुस्तकाचे रिकामे फडके झटकून कमरेला बांधले. मग म्हणालात, "माहीच चूक होय मंग. मी कायले सालीत काढलं?" चूक तुमची आहे हे तुम्ही आपल्या तोंडाने म्हणालात, आणि मला बरे वाटले. हे मी लिहितो आहे, कारण ते खरे आहे. वाटेत तुम्ही दोन दारांवर उसने मागून पाहिले. कुठेच मिळाले नाहीत. घरी पोचल्यावर आईने विचारले तेव्हा तुम्ही तिला सांगितले, "पोट्ट्यानं लय कोशिश केली. मास्तरासंगं अर्धा घंटा आत बसून बोलत होता." आईने मला भाताबरोबर जास्तीची मासळी वाढली. मी ती खाल्ली.

शनिवारीही पोस्ट उघडे होते. यावर मी इतकी वर्षे विचार करतो आहे. शुक्रवारी घाबरलो असे धरले, तरी शनिवार होता. मी डेपोत ओंडक्यांवर हातोड्याचे ठसे उमटविणाऱ्या माणसाजवळ उभा राहून आकडे लिहीत होतो. दुपारी मी एका बाजूला जाऊन वही काढली, शेवटची रक्कम वाचली. पोस्ट तिथून कोसभर. साहेब दौऱ्यावर होता, मला कोणी अडविणार नव्हते. मी वही खिशात ठेवली, साखळी उचलली आणि पुढच्या रांगेतली लाकडे मोजायला गेलो. त्या दिवशीची माझी मोजणी एका ओंडक्यानेही चुकली नाही.

सोमवारी तुम्ही लिलावाला गेलात, हात रिकामे असताना. मी म्हटले, कशाला जाता? तुम्ही म्हणालात, "पाहू तं देतीन कोन नेते ते." ठेकेदाराने बोडी नेली. तुम्ही सांगितले की फार चढाओढ झाली नाही, तुमच्या पैशात ती तुम्हाला आली असती. हे तुम्ही तक्रार म्हणून सांगितले नाही. बाजारात भाव काय होता हे सांगावे तसे सांगितले. ठेकेदार तुम्हाला ओळखत होता. तुझे जाळे चांगले पडते, रोजीने ये, म्हणाला. आणि तुम्ही गेलात. तुम्हीच हंड्यातून आणलेले बी मोठे झाले होते, ते तुम्हीच जाळ्यात धरीत होता आणि काठावर ठेकेदाराच्या माणसाला मोजून देत होता. दिवसाची रोजी आणि पानभर बारीक मासळी, एवढे घरी येई. मोठा मासा घरी आला नाही. एकदा आई म्हणाली, एखादा लपवून आणायचा. तुम्ही तिच्यावर ओरडलात, "मोजलेलं होय ते!" त्या वेळी मी मान खाली घालून जेवत होतो.

नवे पुस्तक चौथ्या आठवड्यात आले. आतली रक्कम आण्यापर्यंत बरोबर होती. मी वहीशी ताडून पाहिली, जणू मला शंका होती. तुम्ही ते हातात घेऊन पालथे-उताणे केले, नाकाशी नेले आणि म्हणालात, "याले सालीत काढू नोको ना गा?" असे म्हणून हसलात, आणि मीही हसावे म्हणून माझ्याकडे पाहिलेत. त्याच दिवसांत माझा कायम झाल्याचा कागद आला. तुम्ही गावात सगळ्यांना सांगत फिरलात.

पुढच्या वर्षी तुम्हाला हिवताप झाला आणि तुम्ही त्यातच गेलात. त्या मधल्या वर्षात किती तरी संध्याकाळी आपण दोघे दारात बसून जाळी सांधली. तुम्ही गाठ मारायचा, मी सूत धरायचो. सांगायला तोंडाशी यायचे. मग वाटायचे, आता सांगून बोडी थोडीच परत येणार आहे? आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो. खरे कारण तसे नव्हते. पोट्ट्याने कोशिश केली असे तुम्ही म्हणत होता, आणि ते ऐकायला मला आवडत होते. तुमच्या पैशातले काही तुमच्या तापात गेले, बाकीचे आईच्या नावावर आहेत. आई आजही पोस्टाचे नाव निघाले की म्हणते, "त्या मास्तराचं तोंड जरो." तो बदलून गेला, कुठे आहे कोण जाणे. मी तिला अडवीत नाही.

आता हे एवढ्या वर्षांनी का लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या महिन्यात आईचा मोतीबिंदू काढायला चांद्याला न्यायचे ठरले. मी माझ्या पुस्तकातले पैसे काढायला पोस्टात गेलो. आता तिथे नवा तरुण बाबू आहे. त्याने माझी सही पाहिली, जुना कागद पाहिला आणि म्हणाला, जुळत नाही. पुन्हा करा. मी पुन्हा केली. हात सुटेना. तिसरी दुसरीहून वाईट, चौथी तिसरीहून. माझ्यासारखा माणूस, ज्याच्या यादीत एक काना चुकत नाही, त्याला स्वतःचे नाव लिहिता येईना. शेवटी मी ओरडलो, "अहो, पैसे माझेच आहेत!" त्याने शांतपणे विचारले, "हे मी कशावरून धरू?" मग म्हणाला, तुम्हाला ओळखणारा आणि आम्हाला माहीत असलेला कोणी आणा.

पोस्टासमोर बाजाराच्या दिवशी एक म्हातारी मासळी घेऊन बसते. तिला सगळे पोस्ट ओळखते. मी तिच्याजवळ कधी बोललो नव्हतो. तिने माझा आरडाओरडा ऐकला होता. पदराला हात पुसत ती आपणच वर आली.

"तू त्या बोडीवाल्याचा पोट्टा नोहोय का?"

"हो मावशी."

"मंग? काऊन अडवून राह्यले तुले?" तिने बाबूकडे पाहिले. "कुठी लावू अंगठा, सांग."

मी म्हणालो, "मावशी, आधी कागदात काय आहे ते वाचून दाखवतो."

"कायले? तू तूच होय ना?"

"हो."

"मंग झालं." आणि तिने अंगठा शाईत बुडविला. बाबूने पैसे दिले. कागदात काय लिहिले आहे हे तिने जाताना देखील विचारले नाही. मी एक रुपया पुढे केला तर म्हणाली, "ठेव तो. तुह्या बापानं मले लय खेपा उधार मासोळी देल्ली." पायऱ्या उतरताना मात्र ती माझ्याकडे वळली. "बाबू, मले बी असं एक पुस्तक काढून दे. घरी पैसा टिकत नाई, पोरगा घेऊन जाते. तू लिहिनारा मानूस. साक्षीले तूच राह्यजो."

मी म्हणालो, "हो मावशी, पुढच्या बाजारी नक्की."

त्याला आता महिना होत आला. आईचा डोळा झाला, तिला आता चांगले दिसते. मी हे लिहीत असताना तिने विचारले, "काय लिहून राह्यला रे बाबू?" मी म्हणालो, डेपोची यादी. हे पत्र कुठे टाकायचे हा प्रश्न नाहीच. पण तुमच्यापासून आणखी एक गोष्ट लपविली, असे व्हायला नको म्हणून लिहितो. बाजाराच्या दिवशी आजकाल मी पोस्टाच्या समोरून जात नाही. मागच्या गल्लीने जातो.